इंग्लंडमधील हिवाळी बाग: आधी खिडकी, मग झाडे

आपल्या प्रश्नाचा आशय मी असा घेते. केंब्रिजजवळ नव्याने घेतलेल्या घरामागे, दक्षिणेच्या बाजूला, सुमारे दहा मीटर लांब आणि सात मीटर रुंद बाग आहे. माती चिकण आहे. तिन्ही बाजूंना १.८ मीटर उंचीचे लाकडी कुंपण आहे. आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओल्या हिरवळीपलीकडे काहीही दिसत नाही. दोन हिवाळे कुंड्यांत पॅन्सी लावून पाहिल्या, त्या जानेवारीत कुजल्या, तेव्हा आता कायमची म्हणून कोणती झाडे आणि गवते निवडावीत, असे आपण विचारले आहे. याच परिसरातील चिकणमातीत मी सोळा वर्षे बाग करीत आले आहे आणि त्यांतली पहिली चार बहुतांशी चुका करण्यात गेली, म्हणून उत्तर थोडे सविस्तर लिहिते.

पहिली अडचण झाडांची नसून आपल्या सवयीची आहे. महाराष्ट्रात थंडी हाच फुलांचा हंगाम असतो. दिवाळी सरली की शेवंती, डेलिया, अ‍ॅस्टर, पिटुनिया यांनी कुंड्या भरून जातात, त्यामुळे हिवाळी बाग म्हटले की आपण नकळत फुलेच शोधू लागतो. इंग्लंडमध्ये डिसेंबरात फुले तुरळक असतात, आणि असतात त्यांतलीही बरीचशी नखाएवढी. येथील हिवाळी बाग उभी राहते ती वाळलेल्या गवतावर, पाने गळाल्यानंतर उघड्या पडणाऱ्या रंगीत फांद्यांवर, खोडाच्या सालीवर आणि या साऱ्यावर पडणाऱ्या तिरप्या उन्हावर. म्हणून झाडांची यादी करण्याआधी खिडकीपाशी उभे राहून ऊन कोठून येते ते पाहावे, असा माझा आग्रह आहे.

केंब्रिज ५२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी तेथे सूर्य क्षितिजापासून अवघा १४ अंश वर असतो, तर त्याच दिवशी पुण्यात तो ४८ अंशांवर असतो. आपल्यासारख्या कुंपणाची दुपारची सावली पुण्यात जेमतेम १.६ मीटर पडली असती. आपल्या बागेत ती सात मीटर पडते. याचा अर्थ दक्षिणेकडील कुंपणालगतचा वाफा जवळजवळ अख्खा डिसेंबर सावलीत असतो, आणि नेमका तेथेच बहुतेक जण सगळे काही लावतात. मीही लावले होते. आता त्या कुंपणापासून चार मीटर घराकडे सरका. तेथे सावलीची उंची सुमारे ८० सेंटिमीटर उरते, म्हणजे त्या जागी दीड मीटर उंचीचे गवत असेल तर त्याचा वरचा अर्धा भाग उन्हात येईल, आणि सूर्य गवताच्या मागे व आपण पुढे अशी मांडणीही आपोआप साधेल. हे बाराच्या ठोक्याचे गणित आहे. दोननंतर सावली आणखी लांबते, पण तुऱ्यांच्या टोकांवर ऊन बराच वेळ रेंगाळते. वाळलेल्या गवतावर समोरून ऊन पडले तर ते केवळ पेंढ्यासारखे दिसते. मागून पडले तर प्रत्येक केस उजळतो. हिवाळी बागेतील अर्धे यश या एका फरकात आहे.

या जागेसाठी माझी पहिली पसंती कॅलामॅग्रॉस्टिस ‘कार्ल फोर्स्टर’ या गवताला आहे. पॉट्सडॅमजवळ रोपवाटिका चालवणाऱ्या जर्मन बागकर्त्याचे, कार्ल फोर्स्टर (१८७४–१९७०) यांचे नाव त्याला दिलेले आहे. दीड ते पावणेदोन मीटर उंचीचे हे गवत काठीसारखे ताठ उभे राहते, चिकणमाती सोसते, वाऱ्यापावसात वाकले तरी पुन्हा सरळ होते आणि त्याचे बी वांझ असल्यामुळे बागभर पसरत नाही. दुसरी पसंती मिस्कँथसला. हे उसाच्या जवळचे गवत असून शरद ऋतूत त्याला उसासारखाच तुरा येतो आणि तो फेब्रुवारीपर्यंत टिकतो. त्यात ‘मालेपार्टुस’ किंवा थोडे बुटके ‘क्लाइने झिल्बरश्पिने’ घ्यावे. बारीक पानांसाठी विकले जाणारे ‘ग्रासिलिमस’ घेऊ नये, कारण येथील उन्हाळा त्याला अपुरा पडतो आणि बहुतेक वर्षी त्याला तुराच येत नाही. कार्ल फोर्स्टरचे पाच आणि मिस्कँथसचे तीन ठोंब आपल्या बागेला पुरेसे आहेत. प्रत्येक जातीचा एकेक नमुना लावण्याचा मोह टाळावा, त्यातून बाग होत नाही, प्रदर्शन होते.

रोपवाटिकेत ऑक्टोबरात फार देखणी दिसणारी दोन गवते आपल्याला भुरळ पाडतील, त्यांविषयी सावध करते. मोलिनियाच्या उंच जाती शरदात सोनेरी होतात, मात्र डिसेंबरपर्यंत त्यांच्या काड्या बुडापासून सुटून आडव्या होतात. ते शरदाचे गवत आहे, हिवाळ्याचे नव्हे. पेनिसेटमची कोल्ह्याच्या शेपटीसारखी मऊ कणसे मला इतकी आवडली होती की मी तीन ठोंब लावले. दुसऱ्या हिवाळ्यात दोन कुजले. ते थंडीने गेले नाहीत, मुळाशी साचलेल्या पाण्याने गेले, आणि माझ्या अंदाजाने आपल्या पॅन्सीही तशाच गेल्या असाव्यात. पंपास गवताविषयी एवढेच सांगते की त्याच्या पानांच्या कडा करवतीसारख्या असतात आणि सात मीटर रुंदीच्या बागेत ते पाहुण्यासारखे न राहता घरमालकासारखे राहते.

गवत कापण्याची वेळ निवडीइतकीच महत्त्वाची आहे. आपल्याकडे घराभोवती वाळलेले गवत म्हणजे हेळसांड, शिवाय विंचूकाट्याची भीती, त्यामुळे ते दिसले की हात विळ्याकडे जातो. पहिल्या वर्षी मी ऑक्टोबरातच सारे साफ केले होते आणि मग चार महिने रिकाम्या मातीकडे पाहत बसले. ही गवते फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत उभी ठेवावीत. त्यांच्या बुडाशी लेडीबर्डसारखे उपयोगी किडे हिवाळा काढतात. त्यानंतर नवे कोंब वर येण्यापूर्वी जमिनीपासून दहा सेंटिमीटरवर कापावीत. उशीर झाला तर कोंबांचे शेंडेही कापले जातात आणि त्या पानांची टोके वर्षभर बोथट दिसतात. ठोंब फोडून नवे लावायचे असतील तर ते काम एप्रिलमध्ये करावे, शरदात कदापि नाही. कॅरेक्ससारखी सदाहरित गवते मात्र कापायची नसतात, हातमोजे घालून बोटांनी विंचरली की पुरे.

रंगीत फांद्यांसाठी डॉगवुड हे पानगळी झुडूप. तांबड्या फांद्यांची ‘सिबिरिका’, पिवळसर हिरव्या फांद्यांची ‘फ्लाविरामेआ’ आणि बुडाशी पिवळी, टोकाशी लालभडक होत जाणारी ‘मिडविंटर फायर’ या तिन्ही जाती येथे सहज मिळतात आणि ओल्या चिकणमातीत चांगल्या वाढतात. यांना मात्र गवताच्या उलट न्याय लावावा: मागून ऊन आले तर फांद्या काळ्या रेघांसारख्या दिसतात, रंग खुलतो तो आपल्या बाजूने किंवा कडेने ऊन पडल्यावर. आपल्या बागेत पूर्वेकडील वाफा घराच्या बाजूच्या टोकाला दुपारनंतर नैर्ऋत्येचे ऊन घेईल; तेथे एकाच जातीची तीन झुडपे लावावीत. ‘मिडविंटर फायर’ मुळांतून फुटवे काढीत सरकते, म्हणून लहान बागेत मी ‘सिबिरिका’च सुचवीन. तीव्र रंग फक्त त्या वर्षीच्या नव्या फांद्यांना येतो. त्यासाठी झुडूप दोनतीन वर्षांचे झाल्यावर दर मार्चअखेर त्याची अगदी बुडापर्यंत छाटणी करावी लागते. नाशिक-सांगलीकडे एप्रिलमध्ये द्राक्षवेलीची खरड छाटणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचे भय वाटणार नाही. इतरांना पहिल्या वर्षी झुडूप मारून टाकल्यासारखे वाटेल.

एका झाडापुरती जागा आपल्याकडे आहे, आणि येथे मी थोडा पक्षपात करते. पांढऱ्याशुभ्र खोडाचा हिमालयी बर्च म्हणजे आपले भूर्ज, ज्याच्या सालीवर जुन्या पोथ्या लिहिल्या गेल्या. ‘बर्च’ आणि ‘भूर्ज’ हे शब्दही एकाच मुळातून आलेले आहेत. बागांत लावला जाणारा त्याचा पांढरा प्रकार ज्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो, तो व्हिक्टर झाकमाँ हिमालयात हिंडून १८३२ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी मुंबईत वारला. केंब्रिजजवळच्या लोड गावातील अँग्लसी अ‍ॅबीच्या बागेत हिवाळ्यासाठी खास आखलेली एक पायवाट आहे आणि तिच्या शेवटी याच बर्चची दाट राई आहे; केंब्रिज विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानातही वेगळी हिवाळी बाग आहे. खरेदीपूर्वी जानेवारीत ही दोन्ही ठिकाणे पाहून यावीत. आपल्या बागेत एकच, बुडापासून दोनतीन खोडे फुटलेले झाड नैर्ऋत्येच्या दूरच्या कोपऱ्यात लावावे. चिकणमातीत मोठे झाड भिंतीजवळ लावणे घराच्या पायासाठी बरे नाही, आणि हे झाड पुढे बारा मीटरपर्यंत जाऊ शकते. खोडावर हिरवे शेवाळ धरले तर नोव्हेंबरात साध्या पाण्याने आणि मऊ स्पंजने पुसून घ्यावे. शेजारी हसतील, पण फरक दिसतो.

सुगंधासाठी फार बोलण्याची गरज नाही. घराच्या पुढे, उत्तरेच्या सावलीत, दाराला लागून सार्कोकोका लावावी. कमरेइतकी, सदाहरित, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी बारीक पांढऱ्या फुलांना मधासारखा वास येतो. डॅफ्ने भोलुआ, जिच्या सालीपासून नेपाळी कागद करतात, ती वासाला त्याहून सरस आहे, परंतु तिला पाण्याचा निचरा लागतो आणि तिचे सर्व भाग विषारी आहेत. घरात लहान मुले असल्यास विचार करून लावावी. डॉगवुडच्या पायाशी स्नोड्रॉप आणि सायक्लॅमेन कूम ही बुटकी कंदाची फुलझाडे लावली की फेब्रुवारीत जमीन रिकामी राहत नाही. स्नोड्रॉपचे सुके कंद बऱ्याचदा उगवत नाहीत. फुले संपताच पानांसह विकले जाणारे घ्यावेत.

आता क्रम सांगते. डॉगवुड आणि बर्च नोव्हेंबर ते मार्च या काळात, माती गोठलेली किंवा पाण्याने थबथबलेली नसताना, उघड्या मुळांच्या, म्हणजे कुंडी-मातीविना विकल्या जाणाऱ्या रोपांच्या स्वरूपात लावता येतात आणि कुंडीतल्या रोपांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. गवते मात्र एप्रिल-मेपर्यंत घेऊ नयेत, कारण शरदात लावलेला कोवळा ठोंब ओल्या चिकणमातीत मुळे धरण्यापूर्वीच कुजतो. या हिवाळ्यात त्यांच्या जागी दीड मीटर उंचीच्या आठ काठ्या रोवा, टोकांना जुन्या पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा आणि डिसेंबरातील एखाद्या निरभ्र दुपारी बारापासून तीनपर्यंत खिडकीतून पाहत राहा. ज्या काठ्यांची टोके शेवटपर्यंत उन्हात राहतील तेथे मिस्कँथस लावा. बाकीच्या ठिकाणी कार्ल फोर्स्टर चालेल.