कर्जाची ऑफर हातात आहे, तरी बँक मागे फिरली तर?

इंग्लंडमध्ये घर घेणाऱ्या वाचकांचे प्रश्न. उत्तरं इंग्लंड आणि वेल्समधल्या खरेदीला लागू आहेत. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे.

प्रश्न : बँकेची मॉर्गेज ऑफर लेखी मिळाली आहे. पुढच्या आठवड्यात एक्सचेंज (सह्या केलेल्या करारांची अदलाबदल, जिच्यानंतर खरेदी बंधनकारक होते) आहे आणि याच महिन्यात माझे पती नोकरी बदलत आहेत. पगार वाढणार आहे, कमी होणार नाही. तरी बँक ऑफर मागे घेऊ शकते का?

उत्तर : घेऊ शकते. २१ मार्च २०१६ पासूनच्या नियमांनुसार बँकेची ऑफर तिच्यावर बंधनकारक असते आणि विचार करायला तुम्हाला किमान ७ दिवस मिळतात. पण त्या ऑफरला अटी जोडायची मुभा बँकेला आहे. अर्जात दिलेली माहिती चुकीची निघाली किंवा तुमची परिस्थिती मोठ्या प्रमाणात बदलली तर ऑफर रद्द करण्याचं कलम जवळपास प्रत्येक पत्रात असतं. ते बहुतेकदा शेवटच्या पानांवर असतं, आणि हप्ता नि व्याजदर पाहून झाले की तिथवर कुणी वाचत नाही. आज बसून वाचाच.

बँकेने कर्ज मोजलं ते जुन्या नोकरीच्या पगारपत्रकांवर. ती नोकरी सुटली की हिशेबाचा पायाच बदलतो, मग नवा पगार जास्त का असेना. नव्या नोकरीत प्रोबेशन असेल, पगाराचा भाग कमिशनवर असेल किंवा काम कंत्राटी असेल, तर काही बँका तेवढं उत्पन्न धरतच नाहीत. म्हणून एक्सचेंज थांबवा. नवं नियुक्तिपत्र ब्रोकरमार्फत बँकेला पाठवा आणि ऑफर कायम आहे असं लेखी उत्तर येईपर्यंत करारावर पुढे जाऊ नका. आठ-पंधरा दिवस गेले तर विक्रेता कुरकुरेल, पण एक्सचेंजच्या आधी त्याला तुमच्याकडून काहीही वसूल करता येत नाही.

‘कळवलंच नाही तर बँकेला कसं कळणार?’ हा विचार मनातून काढून टाका. काही बँका पैसे सोडण्याआधी क्रेडिट फाइल (तुमच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद) पुन्हा बघतात, कंपनीत फोन करून नोकरीची खात्रीही करतात. शिवाय तुमचा सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचं काम बघणारा वकील, बहुतेक वेळा बँकेचंही काम करत असतो. ठरलेली किंमत कमी झाली, विक्रेत्याने काही रक्कम परत द्यायचं कबूल केलं, डिपॉझिटचा पैसा दुसरीकडून आला, तर ते बँकेला कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तुम्ही परवानगी नाकारली तर त्याला बँकेचं काम सोडावं लागतं, आणि व्यवहार तिथेच अडकतो.

घराची किल्ली हातात पडेपर्यंत गाडी हप्त्यावर घेऊ नका, सोफ्यासाठी ‘आता घ्या, नंतर भरा’ करू नका, नवं क्रेडिट कार्ड मागू नका. मोबाइलचं बिलही चुकवू नका, कारण थकबाकी फाइलवर उमटते. शेवटच्या महिन्यात नव्या घराच्या सामानासाठी काढलेलं छोटं कर्ज हे ऑफर अडचणीत येण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे, आणि सगळ्यात सहज टाळता येण्याजोगंही.

प्रश्न : एक्सचेंज झाल्यावर ऑफर गेली तर आमचं नेमकं किती नुकसान?

उत्तर : एक्सचेंजच्या आधी गेली तर सर्व्हे, सर्चेस (घराबद्दलच्या सरकारी नोंदींची तपासणी) आणि वकिलाची फी जाते. एक्सचेंजनंतर मात्र तुम्ही खरेदीला बांधलेले असता, कर्ज मिळो वा न मिळो. कर्ज मिळालं नाही तर करार रद्द, अशी सवलत नेहमीच्या करारात नसते.

घर ३,००,००० पौंडांचं धरा. कम्प्लिशनच्या, म्हणजे उरलेले पैसे देऊन घर ताब्यात घ्यायच्या, ठरल्या दिवशी पैसे पोचले नाहीत की थकलेल्या रकमेवर रोजचं व्याज सुरू होतं. विक्रेता ‘नोटीस टू कम्प्लीट’ (व्यवहार पुरा करा अशी नोटीस) बजावतो आणि तुम्हाला कामकाजाचे १० दिवस मिळतात. तेवढ्यात जमलं नाही तर तो करार मोडून १० टक्के डिपॉझिट (एक्सचेंजच्या वेळी भरायची रक्कम), म्हणजे ३०,००० पौंड, जप्त करू शकतो. तुम्ही ५ टक्केच भरले असतील तरी सुटका नाही. नोटीस मिळताच उरलेले ५ टक्के देणं लागतं. पुढे घर कमी किमतीला विकावं लागलं आणि त्याचं नुकसान डिपॉझिटपेक्षा जास्त झालं, तर वरचा फरकही तो मागू शकतो. १९२५ च्या प्रॉपर्टी कायद्याच्या कलम ४९(२) खाली न्यायालय डिपॉझिट परत करायला सांगू शकतं, पण खरेदीदाराकडे पैसे नव्हते एवढ्याने ते सहसा मिळत नाही.

ऑफर गेल्याचं कळताच त्याच दिवशी सॉलिसिटरला फोन करा आणि बँकेकडून कारण लेखी मागा. कारण क्रेडिट फाइलमधली चूक असेल तर ती पुराव्यासह दुरुस्त करून फेरविचार मागता येतो. नोकरीच गेली असेल तर त्याच बँकेशी वाद घालण्यात दिवस घालवू नका, ब्रोकरला दुसरी बँक शोधायला लावा. विक्रेत्याशी तारीख पुढे नेण्याचं बोलणं सॉलिसिटरमार्फतच करा आणि लेखी ठेवा. ब्रिजिंग कर्ज (मधल्या काळापुरतं कर्ज) मिळतं, पण ते फार महाग असतं. पुढचं कर्ज नक्की झाल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. बँकेची चूक वाटत असेल तर तिच्याकडे तक्रार करा. ८ आठवड्यांत अंतिम उत्तर आलं नाही, किंवा आलं आणि पटलं नाही, तर फायनान्शियल ऑम्बड्समनकडे (आर्थिक तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) जाता येतं. अंतिम उत्तरानंतर त्यासाठी ६ महिने असतात, फी नसते. पण हा निकाल तुमच्या कम्प्लिशनच्या तारखेआधी लागणार नाही.

खरा बचाव आधीच करायचा असतो : एक्सचेंज आणि कम्प्लिशनमधलं अंतर कमीत कमी ठेवा. नोकरी डळमळीत असेल तर दोन्ही एकाच दिवशी करा. सामानाची गाडी शेवटच्या क्षणी ठरवण्याची धावपळ होते आणि एकमेकांवर अवलंबून असलेल्या खरेदी-विक्रींची साखळी लांब असेल तर सगळे तयार होत नाहीत, पण डिपॉझिट गमावण्यापुढे ती धावपळ काहीच नाही.

प्रश्न : आई-बाबा भारतातून डिपॉझिटसाठी पैसे पाठवणार आहेत. सांगायची गरज आहे का?

उत्तर : अर्ज करतानाच सांगा. परदेशातली भेट सगळ्याच बँका स्वीकारत नाहीत आणि हे शेवटी उघड झालं तर फाइल पुन्हा उघडते. आई-बाबांचं सहीचं पत्र लागेल : रक्कम भेट आहे, परत करायची नाही, घरात त्यांचा हिस्सा नाही. सोबत त्यांची ओळखपत्रं, बँकेची स्टेटमेंट्स आणि पैसा मुळात कुठून आला त्याचा कागद, उदाहरणार्थ मोडलेल्या ठेवीची पावती किंवा जमीन विकल्याचं खरेदीखत. पैसे काका-मावशींच्या खात्यांतून तुकड्यातुकड्यांत आणू नका. सॉलिसिटर प्रत्येक खात्याचा माग विचारेल. भारतातून पाठवणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, त्यामुळे अडचण मर्यादेची क्वचित, कागदांची जास्त. एक्सचेंजच्या निदान तीन-चार आठवडे आधी पैसे इथल्या खात्यात असू द्या.

प्रश्न : नवं बांधकाम रखडलंय, ऑफरची मुदत संपत आलीय.

उत्तर : मुदत साधारण ३ ते ६ महिन्यांची असते. संपायच्या सहा आठवडे आधी वाढ मागा. नवी पगारपत्रकं लागतील, कदाचित घराचं नवं मूल्यांकनही. ते कमी आलं तर कर्ज कमी होईल आणि फरक तुम्हाला भरावा लागेल. मुदतवाढ मिळाली नाही तर त्या दिवशीच्या व्याजदराने नवा अर्ज करावा लागतो. अजून एक्सचेंज झालं नसेल तर बिल्डरकडून करारात शेवटची तारीख लिहून घ्या, म्हणजे तोपर्यंत घर तयार झालं नाही तर डिपॉझिट परत घेऊन बाहेर पडता येईल.