कामगार न्यायालयाने कामावर घ्यायला सांगितलं तरी महापालिका घेत नाही. काय करावं?

तुमचे वडील महापालिकेच्या बससेवेत वाहक होते. बडतर्फीची केस ते जिंकले, तरी आगारातून ‘वरिष्ठ हायकोर्टात जाणार आहेत’ एवढंच सांगतात. युनियनची कोर्टाची कामं मी बरीच वर्षं बघतोय. हे ठरलेलं उत्तर आहे. नुसती याचिका दाखल केल्याने निकाल थांबत नाही, त्याला स्थगितीचा आदेश लागतो.

वडिलांनी निकालाची प्रत घेऊन आगारात हजर व्हावं, रुजू होण्याचा अर्ज द्यावा आणि आवक शिक्क्याची पोच घ्यावी. नाहीतर पुढे ‘कामगार आलाच नाही’ म्हणायला ते मोकळे. हायकोर्टात कॅव्हेटही (आमचं ऐकल्याशिवाय स्थगिती देऊ नका असा अर्ज) लावून ठेवा.

मग निकाल कोणत्या कायद्याखालचा आहे ते बघा. १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखालचा असेल तर थकलेल्या पैशांसाठी कलम ५० आणि आदेश मोडल्याबद्दल फौजदारी तक्रारीसाठी कलम ४८. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखालचा असेल तर हातात कलम १७-ब आहे. हायकोर्टात प्रकरण चालू असेपर्यंत कामगाराला शेवटचा पूर्ण पगार द्यावा लागतो. शेवटचा म्हणजे बडतर्फीच्या वेळचा, आजच्या दराने नाही (सुप्रीम कोर्ट, डेना बँक, १९९९), त्यामुळे रक्कम बघून हिरमोड होईल. पण एरवी तारखा लांबल्या की फायदा मालकाचाच, इथे मात्र त्याचं मीटर चालू राहतं. अट एकच: दुसरीकडे नोकरी नाही असं प्रतिज्ञापत्र. त्यात खोटं लिहू नका, समोरचे पीएफचं खातं हमखास काढतात.

बडतर्फीच्या काळातल्या थकलेल्या पगारासाठी याच १९४७ च्या कायद्यात दोन वाटा आहेत: रक्कम निकालातच स्पष्ट असेल तर कलम ३३-क(१), हिशोब करायचा असेल तर ३३-क(२). पहिल्याची मुदत एक वर्ष. वसुली प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि पैसे जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल होतात. तहसील कार्यालयात खेटे मात्र तुम्हालाच घालावे लागतील. सरकारी संस्थेवर जप्ती आणायला तिथे कुणाला घाई नसते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. वरची १७-ब आणि ३३-क ही कलमं त्या जुन्या कायद्याची आहेत, म्हणून अर्जावर कोणतं कलम घालायचं ते वकिलाकडून पक्कं करा. रुजू होण्याच्या अर्जाला मात्र वकील लागत नाही, तो उद्याच द्या.