धुराड्याचं वरचं टोक

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी चाळीस वर्षं पत्रा कापला. बंब, बेकरीची धुराडी, गुऱ्हाळाच्या चुलवाणावरचे पाइप, आणि शेवटची दहा-बारा वर्षं मॉड्युलर किचनच्या चिमण्यांची नळकांडी. आता गुडघे ऐकत नाहीत, त्यामुळं शिडीवर मुलगा चढतो आणि मी खालून ओरडतो. या खेपेला आलेली निम्मी पत्रं धुराबद्दलच आहेत. पावसाळा सरला, दिवाळीची झाडलोट जवळ आली, की लोकांची मान वर जाते आणि काजळी दिसते.

प्रश्न : आमचं घर शाहूपुरीत, आजोबांनी १९५२ साली बांधलेलं. मागच्या स्वयंपाकघरात चुलीवर विटांचं धुराडं आहे, माळ्यातून आणि कौलांतून वर गेलेलं. गॅस आल्यापासून तीसेक वर्षं ते बंद आहे. आता नवं किचन करतोय. फर्निचरवाला म्हणतो, इलेक्ट्रिक चिमणीचा पाइप त्या धुराड्यातच सोडू, भिंत फोडायला नको. सोडावा का? शिवाय वरच्या खोलीत धुराड्याच्या भिंतीवर तपकिरी डाग आहेत. रंग मारला की महिन्याभरात परत येतात. — एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : नुसता सोडू नका. फर्निचरवाल्याची भिंत वाचेल, तुमची जाईल.

चुलीचा धूर कडक गरम असतो. गरम हवा हलकी, म्हणून ती स्वतःच वर धावते. धुराडं बांधलं ते त्या धावेच्या हिशोबानं. इलेक्ट्रिक चिमणीचा पंखा जे फेकतो ती कोमट हवा असते, तेलकट आणि ओली. तुमचं धुराडं आतून बहुधा ९ बाय ९ इंचांचं असणार, म्हणजे ८१ चौरस इंच. चिमणीचा पाइप ६ इंचांचा, म्हणजे साधारण २८ चौरस इंच. अरुंद नळीतून आलेली हवा एकदम तिप्पट जागेत शिरली की तिचा वेग मरतो, गार विटेला लागून वाफेचं पाणी होतं आणि तेल तिथंच चिकटतं. कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात तेल किती उडतं हे मी सांगायला नको. रविवारचा रस्सा, आणि उन्हाळ्यात चटणीची मिरची भाजताना उठणारा खकाणा, सगळं त्या विटांत मुरणार. आत जुनी काजळी आहेच. काजळीवर तेल म्हणजे काकडा तयार, फक्त पेटवायचा राहिला. फोडणीचा एखादा भडका वर ओढला गेला की झालं.

आता डागांचं. तो रंगाऱ्याचा दोष नाही. लाकडाचा धूर गार पडला की त्यातला डांबरासारखा चिकट भाग विटेला धरतो, त्याला क्रिओसोट म्हणतात. वर्षानुवर्षं तो चुन्याच्या दर्जांमध्ये, म्हणजे विटांमधल्या सांध्यांत मुरतो. ओल आली की ती त्याला आणि धुरातल्या क्षारांना घेऊन बाहेर येते. तुम्ही वरून पीओपी करा नाहीतर ऑइल पेंट द्या, डाग वाट काढतोच. आधी ओल बंद करायची.

इथं माझीच फजिती सांगतो. आक्काच्या घरातलं बंद धुराडं मी एका उन्हाळ्यात वरून फरशी टाकून आणि खालून वीट लावून पक्कं बुजवलं. पाऊस आत यायला नको, पारवे नकोत, असा शहाणपणा. दुसऱ्या पावसाळ्यात आक्कानं बोलावलं आणि काही न बोलता नुसती भिंत दाखवली. आतली हवा कोंडली, ओल बाहेर पडायला जागाच नव्हती. बंद धुराड्यालासुद्धा श्वास लागतो. वर पाऊस अडवेल पण वारा जाईल अशी टोपी, आणि खाली एका विटेएवढी जाळी. ती लावल्यावर भिंत वाळायला दोन उन्हाळे गेले. आक्का अजून ऐकवते.

आधी तपासणी करा. वरून ओळंबा सोडा. मध्येच अडकला तर तिथं पाखराचं घरटं, पडलेली वीट नाहीतर वाकण आहे. आमच्या वेळी खालून आरसा धरायचो, आता मुलगा मोबाइल दोरीला बांधून सोडतो आणि सगळं धुराडं चहा पीत बघतो. मग सफाई : नाकाला फडकं बांधून, खालचं तोंड ओल्या पोत्यानं बंद करून, तारेचा गोल ब्रश वरून खाली. निघालेली काजळी मोजा. थर ३ मिलिमीटरच्या वर असेल तर अशा धुराड्याखाली जाळ करणं धोक्याचं.

सफाईनंतर धुराची परीक्षा. खाली ओली पिंजर पेटवायची, धूर वर निघायला लागला की वरचं तोंड पोत्यानं झाकायचं आणि एका माणसानं माळ्यावर बसायचं. जिथून धूर झिरपेल तिथं खडूनं खूण. माळ्यावर हे जरूर बघा, कारण जुने सुतार सोय म्हणून तुळईचं टोक थेट धुराड्याच्या भिंतीत बसवायचे. आतला चुना झडला की लाकूड आणि धूर यांच्यात काही उरत नाही.

भिंत फोडणं शक्य असेल तर ६ इंचांचा पाइप सरळ बाहेर काढा. लांबी कमी, वाकणं एक-दोनच. हाच माझा कौल. अगदीच जमत नसेल तर धुराड्यात नवं अस्तर घाला : वरपासून खालपर्यंत सलग ६ इंचांचा स्टेनलेस पाइप. तेलकट हवेला स्टेनलेसमधला ३०४ नंबर चालतो. उद्या तिथं पुन्हा लाकूड जाळायचं असेल तर ३१६ घ्या, लाकडाच्या धुरातलं आम्ल ३०४ ला खातं. आणि मग मात्र त्या पाइपला चिमणी जोडायची नाही, एका धुराड्यात एकच काम. सांधा देताना वरचा पाइप खालच्या पाइपच्या आत बसला पाहिजे. धूर वर जातो म्हणून लोक उलटं बसवतात, पण गळणारा ओघळ खाली येतो आणि सांध्यातून बाहेर पडतो. पाइपभोवतीची पोकळी सिमेंट ओतून भरू नका. तापल्यावर पाइप वाढतो, सिमेंट वाढू देत नाही. जुन्या विटांच्या दर्जासुद्धा चुन्यानंच भरा. सिमेंट विटेपेक्षा कडक पडतं आणि शेवटी वीटच फुटते.

अस्तर ही काही परदेशी चैन नाही. आपले गवंडी आतून चुन्यात शेण कालवून गिलावा करायचे. इंग्लंडातल्या जुन्या घरांतही धुराड्याला आतून चुना आणि शेणाचाच गिलावा असायचा. शेण तिकडंही कामाचं होतं, एवढं ऐकून मला बरं वाटलं.

तुम्ही शाहूपुरीत म्हणता म्हणून एक विचारतो. २०१९ किंवा २०२१ चं पुराचं पाणी घरात आलं होतं का? आलं असेल तर धुराड्याच्या तळाशी चिखल आणि राख बसून दगड झाली असेल. ती आधी उकरा, नाहीतर खालची ओल कधीच तुटणार नाही.

प्रश्न : आम्ही अजून बंबच पेटवतो, सासूबाईंना गिझरचं पाणी चालत नाही. गेल्या वर्षी पूर्वेला लागून चार मजली अपार्टमेंट झालं. तेव्हापासून धूर न्हाणीत परत येतो, पावसाळ्यात तर डोळे उघडत नाहीत. पाणीही उशिरा तापतं. — गृहिणी, मंगळवार पेठ

उत्तर : वहिनी, ही दोन दुखणी वेगवेगळी आहेत.

पाणी उशिरा तापतं ते काजळीमुळं. बंबाच्या मधल्या नळीत आतून काजळीचा थर बसला की तो घोंगड्यासारखं काम करतो, जाळाची ऊब तांब्याच्या पत्र्यापर्यंत पोचत नाही. महिन्यातून एकदा नळीत काथ्याचा बोळा काठीला बांधून फिरवा. जळण वाळलेलं ठेवा. ओल्या लाकडाचा बराच जाळ स्वतःचं पाणी उडवण्यात जातो आणि काजळीही जास्त धरते. शेणी जाळत असाल तर त्याही पावसाआधी आत घ्या. (होळीला मात्र शेणी आठवणीनं पंचगंगेच्या स्मशानात पाठवा, आपल्या गावाची ती चांगली रीत आहे.)

धूर परत येतो तो त्या अपार्टमेंटमुळं. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेचा. तो येऊन त्या उंच भिंतीवर आदळतो, तिथं दाब तयार होतो आणि तो तुमच्या बुटक्या पाइपमध्ये वरून हवा कोंबतो. गुऱ्हाळाचं धुराडं उंच असतं ते मिरवायला नव्हे. उंची जितकी जास्त तितकी धुराला ओढ जास्त, आणि वाऱ्याच्या गोंधळातून तोंड वर निघतं. घरगुती पाइपला हिशोब असा : कौलातून बाहेर आल्यावर किमान ३ फूट, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा २ फूट वर. आता चार मजल्यांच्या वर २ फूट म्हणजे तुमच्या न्हाणीवर शाहू मिलचं धुराडं उभं करावं लागेल. ते होणार नाही. वाऱ्याबरोबर फिरणारी टोपी बसवून बघा, थोडा फरक पडतो, पण भिंतीजवळ तिच्यावर माझा फार भरवसा नाही. खरा उपाय बंब हलवण्याचा. परसात, अपार्टमेंटपासून लांबच्या बाजूला, वर पत्रा टाकून उघड्यावर. तापलेला उघडा पाइप लाकडी वाशापासून दीड फूट लांब ठेवा. तोवर न्हाणीची खिडकी उघडी टाकल्याशिवाय काडी लावायची नाही. का, ते पुढच्या उत्तरात वाचा.

प्रश्न : बाथरूमच्या कोपऱ्यातून जुनं धुराडं गेलंय. गॅस गिझरचा धूर त्यात सोडला तर चालेल ना? गॅसला तर धूरच नसतो. — एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नाही. दिसत नाही म्हणून नसतो, असं नाही.

गॅस जळताना पाणी तयार होतं. १४.२ किलोची एक टाकी संपेपर्यंत २० लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपानं बाहेर पडतं. एक आख्खी घागर भरून वर उरेल इतकं. ते तुमच्या गार, रुंद धुराड्यात सोडलंत तर ते विटा पितील. ही झाली घराची गोष्ट.

माणसाची गोष्ट वाईट आहे. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतं. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. माणसाला वाटतं पित्त झालं, आणि दार आतून कडी लावलेलं असतं. बंबाच्या धुरातही हाच असतो, फक्त धूर डोळ्यांत जातो म्हणून आपण पळतो.

गिझर बाथरूमच्या बाहेर उघड्या हवेच्या भिंतीवर लावा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. धुराड्याचं बाथरूमकडचं भोक बंद करा. त्याच धुराड्यावर खाली कुणी चूल पेटवत असेल तर आजच करा. कुणी चक्कर येऊन पडलं तर आधी त्याला उघड्यावर आणा, गॅस बंद करा आणि लगेच दवाखान्यात न्या, शुद्धीवर आलं तरी.

प्रश्न : चिमणीची जाळी कॉस्टिक सोड्यात भिजवली, काळी पडली आणि फेस आला. — गृहिणी, कसबा बावडा

उत्तर : जाळी ॲल्युमिनियमची होती. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, तो फेस हायड्रोजनचा, आणि हायड्रोजन पेट घेतो. गॅसजवळ हा प्रयोग पुन्हा नको. स्टीलची जाळी असती तर चाललं असतं. नवी घ्या, आणि दर पंधरा दिवसांनी कडकडीत पाण्यात भांड्यांच्या साबणानं धुवा.

प्रश्न : पन्हाळ्यावर आमचा जुना बंगला आहे, दिवाणखान्यात विलायती पद्धतीची शेकोटी आहे. या थंडीत ती पेटवायचा विचार आहे. धुराड्यातून मधमाश्यांचा आवाज येतो. खालून धूर करून त्यांना घालवावं का? — एक वाचक, मूळ कोल्हापूर, सध्या पुणे

उत्तर : अजिबात नको. धुराड्यात बसतात त्या बहुधा सातेरी माश्या. त्यांना अंधारी पोकळी लागते. आग्या मोहोळ उघड्यावर, झाडाला नाहीतर कड्याला लटकतं. सातेरी पेटीत राहते, म्हणून मधपाळ तिला खुशीनं घेऊन जातो. त्याला बोलवा. खालून धूर केलात तर माश्या वाट फुटेल तिकडं, म्हणजे तुमच्या दिवाणखान्यात येतील, आणि वितळलेलं मेण जाळात ठिबकेल.

मोहोळ गेल्यावर काम संपत नाही. मेणाच्या पोळ्या खरवडून काढा. मेण काजळीपेक्षा लवकर पेटतं. मग वर शाहूपुरीकरांना सांगितलेली सगळी तपासणी. एक जास्तीचं माप घ्या : धुराड्याच्या आतलं क्षेत्रफळ शेकोटीच्या तोंडाच्या साधारण एक दशांश हवं. त्याहून कमी असेल तर कितीही साफ करा, धूर खोलीत येणार. मग तोंड वरून एक-दोन विटांनी लहान करायचं.

पन्हाळ्यावर धुकं दाट आणि धुराडं महिनोन्‌महिने गार. पेटवण्याआधी वर्तमानपत्राची गुंडाळी पेटवून धुराड्याच्या तोंडाशी मिनिटभर धरा. आतली गार हवा हलली की ज्योत वर ओढली जाते, मगच लाकडं लावा. आणि कधी धुराड्यातून रेल्वे गेल्यासारखा घरघराट ऐकू आला तर आतली काजळी पेटलीय असं समजा. वरून पाणी ओतू नका, तापलेल्या विटा तडकतात आणि वाफ उलटी अंगावर येते. शेकोटीचं तोंड पत्र्यानं झाका, माणसं बाहेर काढा, १०१ ला फोन करा. पन्हाळ्यावर आगीचा बंब यायला वेळ लागेल, म्हणून तो पत्रा आधीच कापून शेकोटीशेजारी उभा करून ठेवा. माप पाठवलंत तर मुलगा कापून देईल.