मेट्रोनोमवर (ठरावीक वेगाने टिकटिक करणाऱ्या यंत्रावर) जमतं, पण एकट्याने गिटार वाजवताना लय पळते. तालाची जाण उपजतच असावी लागते का?

नाही. आणि हा ‘उपजत’ शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

मी १८ वर्षांचा असताना मिरजेत क्लासला जायचो. सरांनी सहा महिन्यांत बार कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा दाबून धरायचे कॉर्ड) शिकवले आणि एक दिवस सगळ्यांदेखत म्हणाले, “तुझ्या हातात लय नाही. ती रक्तातच असावी लागते.” मी गिटार पलंगाखाली सरकवली.

शेजारचे काका ढोलकी वाजवायचे. त्यांच्या कानावर गेलं. म्हणाले, “गुरुवारी भजनाला ये, टाळ धर.” चार महिने टाळ धरला. भजन संपलं की ते मला एकट्याला बसवायचे. केरवा तालाच्या आठ मात्रा तोंडाने मोजायच्या, टाळ मात्र फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. उरलेल्या सात मात्रा हात रिकामा. मी दर वेळी समेच्या आधीच टाळ मारायचो. काका म्हणाले, “ठोका चुकत नाही तुझा, मधली जागा तुला सोसत नाही.” सहा महिन्यांच्या फीमध्ये हे एक वाक्य मला मिळालं नव्हतं.

गिटार परत हातात घेतली तेव्हा दुखणं लगेच सापडलं. जी कॉर्डवरून बी मायनर कॉर्डवर जाताना माझा उजवा हात थबकायचा आणि मग ती कसर भरून काढायला धावायचा. तुमचंही बहुतेक हेच होतंय. उजवा हात थांबवू नका. मात्रेवर खाली, दोन मात्रांच्या मधे वर. जो स्ट्रोक ऐकू यायला नको, तो तारांवरून हवेतच जाऊ द्या. कॉर्ड वेळेत बसला नाही तर दाबलेल्या तारांचा नुसता खट आवाज येऊ दे, हात चालू ठेवा.

मेट्रोनोमवर जमतं म्हणजे तुम्ही त्याच्या मागे चालताय. गाणं मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत असेल तर तो ४० वर लावा आणि प्रत्येक टिक दुसरी आणि चौथी मात्रा समजा. पहिली आणि तिसरी तुमची तुम्ही सांभाळायची. मोबाईलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका, वाजवताना पळालेली लय कळत नाही.

दोन वर्षांनी गणपतीत मी काकांच्या ढोलकीसोबत तीन तास रिदम वाजवला. सर पुढच्या रांगेत होते. कार्यक्रम संपल्यावर न बोलता निघून गेले. तुम्हाला ‘उपजत’ हे कुणा शिक्षकाने सांगितलं असेल तर क्लास बदला.

हो, उजव्या हाताचं हे स्ट्रमिंगपुरतं, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवत वाजवण्यापुरतं. फिंगरस्टाइल, म्हणजे बोटांनी एकेक तार छेडत वाजवत असाल, तर मात्रा धरायचं ते काम पायाने करा. आणि काहींना लवकर जमतं, हेही खरं. मला चार महिने लागले ते माझी धाकटी बहीण तीन आठवड्यांत शिकली. पण ती पाच वर्षांची असल्यापासून दर गुरुवारी त्या भजनाला जाऊन बसायची. मी त्या वेळी मैदानावर असायचो.