दंडाचा तक्ता हाती घेताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

उपविधींच्या, म्हणजे शहरातल्या स्थानिक नियमांच्या, दंडाचा नवा तक्ता करायचं काम तुझ्याकडे आलं, याचा फार आनंद झाला. मसुदा दोनदा वाचला. प्रत्येक उल्लंघनापुढे तू एक रक्कम घातली आहेस आणि सगळ्यांना सारखा दंड हे तत्त्व अगदी वर ठेवलं आहेस. तत्त्वाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण रक्कम ठरली की दंड सारखा झाला, असं समजू नकोस. खरी तफावत पडते ती मोजणीत.

पदपथावर बांधकामाचा राडारोडा पडला आहे असं धर. एक निरीक्षक तीन ढीग मोजून तीन उल्लंघनं लावेल. दुसरा म्हणेल, काम एक, मालक एक, म्हणून उल्लंघनही एकच. तिसरा दिवसांवर हिशेब करेल. तिघांच्या हातात तुझाच तक्ता, आणि तिघांच्या पावत्यांवर तीन आकडे! म्हणून रकमेच्या आधी एक रकाना वाढव: दंड कशामागे? जागेमागे, फलकामागे, दिवसामागे की घनमीटरमागे? बेकायदा फलकांच्या नोंदीपुढे तू हे लिहिलेलंच नाहीस. एकाच माणसाने एका रात्रीत लावलेले वीस फलक हे एक उल्लंघन की वीस, याचं उत्तर तक्त्यात नसेल, तर ते प्रत्येक विभागात वेगळं मिळेल.

रोजच्या दंडाचं तर फारच जपून लिही. घड्याळ कधी सुरू होतं? उल्लंघन झालं त्या दिवशी, ते दिसलं त्या दिवशी, की नोटीस हातात पडली त्या दिवशी? माझ्या मते नोटिशीत दिलेली मुदत संपली की, दुसऱ्या दिवसापासून. आणि थांबतं कधी, हा प्रश्न त्याहून नाजूक. माणसानं राडारोडा उचलला, कार्यालयाला कळवलं, आणि पाहणीला कुणी बारा दिवसांनी गेलं, तर त्या बारा दिवसांचा भुर्दंड त्याच्यावर का? कळवल्याच्या तारखेला मोजणी थांबावी. पाहणीत खोटं निघालं तर मागचे दिवस धरावेत. हे वाक्य तक्त्यातच हवं, परिपत्रकात नको. परिपत्रकं हरवतात.

बऱ्याच उपविधींत फक्त कमाल रक्कम असते आणि खालचं सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं असतं. पक्षपाताचं मूळ इथे आहे. त्यावर उपाय जुनाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यावर केर टाकल्यास पणाचा (पण म्हणजे त्या काळचं नाणं) आठवा हिस्सा, चिखलपाणी अडवून ठेवल्यास पाव पण, आणि हेच राजमार्गावर केल्यास दुप्पट, असे दर आहेत. नको त्या जागी झालेली घाण औषधामुळे, आजारामुळे किंवा भीतीमुळे असेल तर दंड नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. मूळ दर, जागेप्रमाणे पट आणि सूट, तिन्ही नियमातच. तुझ्या तक्त्याला एवढी रचना पुरेल. पट मोजकेच ठेव: धोका किती, किती वेळा घडलं, त्यातून कमाई झाली का. 'पुन्हा केलेलं' म्हणजे किती महिन्यांच्या आत, हेही नक्की कर, नाहीतर पाच वर्षांपूर्वीची पावती कुणीतरी बाहेर काढेल.

रकमा वाढवण्याचा आग्रह तुला होईलच. जबर दंड क्वचित बसतो, निरीक्षकालाही तो लावायला हात धजत नाही, आणि मग माफीची रदबदली सुरू होते. माफक पण हमखास बसणारा दंड जास्त काम करतो. मात्र तो इतकाही हलका नको की लोकांना ती परवान्याची फी वाटावी. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इस्रायलमधल्या हैफाच्या 10 पाळणाघरांची पाहणी होती. त्यांतल्या 6 ठिकाणी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना छोटा दंड लावला, तर उशीर वाढला, आणि दंड काढून घेतल्यावरही तो कमी झाला नाही. व्यावसायिकाच्या बाबतीत म्हणूनच सफाईचा प्रत्यक्ष खर्च दंडाशिवाय वेगळा वसूल कर.

ऐपतीचा प्रश्न टाळू नकोस. 1215 च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे इंग्लंडच्या राजानं मान्य केलेल्या हक्कांच्या सनदेतच, म्हटलं होतं की दंड अपराधाच्या प्रमाणात असावा आणि माणसाचं पोट ज्यावर चालतं ते त्यात जाऊ नये: व्यापाऱ्याचा माल, शेतकऱ्याची शेतीची साधनं. फिनलंडमध्ये 1921 पासून गंभीर गुन्ह्यांचा दंड उत्पन्नावर मोजतात. किरकोळ उल्लंघनासाठी उत्पन्नाचे दाखले तपासत बसणं मला झेपणारं वाटत नाही, पण हप्ते आणि दंडाऐवजी श्रमदान हे दोन पर्याय पावतीवरच छापता येतात. मागितल्यावर मिळणारी सवलत ज्याला मागता येते त्यालाच मिळते.

आणि दंडाच्या वसुलीचं उद्दिष्ट कुणी ठरवून दिलं तर ठामपणे नाही म्हण. अमेरिकेतल्या फर्ग्युसन शहराबद्दल तिथल्या न्याय खात्याचा 2015 चा अहवाल वाच. महसुलाच्या दबावाखाली गवत वाढल्याबद्दलसुद्धा जबर दंड होत होते, आणि त्याच वेळी अधिकारी ओळखीच्यांच्या पावत्या रद्द करून देत होते. म्हणून दंड लावताना जेवढी नोंद, तेवढीच माफ करताना: कुणी, कधी, कोणत्या कारणानं. कारणांची यादीही छोटी आणि जाहीर असू दे.

मसुदा पुढे पाठवण्यापूर्वी एवढं कर. जुन्या प्रकरणांचे पंचनामे काढ, नावं आणि पत्ते झाक, आणि वेगवेगळ्या विभागांतल्या दोन निरीक्षकांना एकमेकांशी न बोलता दंड काढायला सांग. जिथे आकडे जुळणार नाहीत, तिथे निरीक्षकांना दोष न देता तक्त्याची ती ओळ पुन्हा लिही.

एक राहिलं. प्रलंबित प्रकरणांबद्दल मसुद्यात काहीच नाही. उल्लंघन ज्या दिवशी घडलं त्या दिवशीचाच दर लागेल, असं एक कलम शेवटी घाल आणि सुधारलेली प्रत मला पाठव.

कळावे, लोभ असावा.