'सोस गार्देल!' : थट्टा की शाबासकी?

विचारलंय ते असं: अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयर्समधल्या सहकाऱ्याचं अडलेलं काम करून दिलं, तर त्याने 'सोस गार्देल!' असं लिहून पाठवलं. भाषांतराचं अॅप म्हणतं, 'तू गार्देल आहेस'. हे कौतुक समजायचं की टोमणा?

कौतुक, आणि तेही घसघशीत. 'सोस' म्हणजे 'तू आहेस'. स्पेनमध्ये 'एरेस' म्हणतील; 'सोस' हे अर्जेंटिनाकडच्या स्पॅनिश बोलीतलं रूप. आणि गार्देल म्हणजे कार्लोस गार्देल, टँगो या तिथल्या नाच-संगीताचा गायक. (उच्चारात 'ड' नाही, दातांवरचा 'द'.)

मूळ आडनाव गार्देस. जन्म १८९० सालचा, फ्रान्समधल्या तुलूझचा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. उरुग्वेवाले मात्र 'तो आमचाच' हा हेका सोडत नाहीत. कपड्यांना इस्त्री करून पोट भरणाऱ्या आईबरोबर तो लहानपणीच ब्यूनोस आयर्सला आला आणि अबास्तो या भाजीबाजाराच्या वस्तीत वाढला. सुरुवातीला होसे रासानोबरोबर तो गावाकडची लोकगीतं म्हणायचा. टँगो तेव्हा मुख्यतः वाजवायचा नि नाचायचा प्रकार होता. शब्द असलेच तर बहुधा चावट.

१९१७ साली गार्देलने 'मी नोचे त्रिस्ते' गायलं. सामुएल कास्त्रिओताची चाल आधीपासून होती, तिच्यावर पास्कुआल कोंतुर्सीने शब्द बसवले होते. गाण्यातल्या माणसाला त्याची बाई सोडून गेली आहे. गिटार कपाटात तशीच टांगलेली, तिच्यावर कोणी गात नाही. खोलीतला दिवासुद्धा रुसलाय, उजेड द्यायला तयार नाही. गाण्याचा पहिलाच शब्द 'पेर्कांता', म्हणजे बाई, तोही लुनफार्दोतला. लुनफार्दो ही त्या शहराची टपोरी बोली. तिच्यात इटालियन स्थलांतरितांचे शब्द भरपूर. अशा बोलीतलं दुःख गार्देलने मन लावून गायलं आणि कथा सांगणारा गायचा टँगो तिथून रुळला, असं मानतात. माझ्या मते त्याची खरी करामत उच्चारांत आहे. स्पॅनिश येत नसलं तरी शब्दन् शब्द सुटा ऐकू येतो. आणि अशा माणसाचं लाडाचं नाव काय, तर 'एल मूदो', मुका!

पुढे पॅरिस, न्यूयॉर्क, सिनेमे. २४ जून १९३५ रोजी कोलंबियातल्या मेदेयीन इथे धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर झाली, त्यात तो गेला. गीतकार आल्फ्रेदो ले पेराही त्याच विमानात होता.

त्यानंतर हे नाव बोलीत मुरलं. 'दिवसेंदिवस जास्तच छान गातोय' असं लोक अजून त्याच्याबद्दल म्हणतात. रडगाणं गाणाऱ्याला 'आन्दा आ कान्तार्ले आ गार्देल', म्हणजे 'जा, गार्देलला गाऊन दाखव', असं सुनावतात. गार्देल तर कधीच वारला, म्हणजे आपलं 'गेलास उडत'च.

आपल्याकडे तानसेनाचं नाव असंच वापरतात, पण 'मोठा तानसेन लागून गेलास' यात टोमणाच जास्त. गार्देलच्या बाबतीत टोमणा मारायचा तर वाक्य बदलतं: 'स्वतःला गार्देल समजतोस काय?' नुसतं 'सोस गार्देल' आलं की समजावं, मनापासून आहे. उद्या त्याच सहकाऱ्याने 'सोस गार्देल इ ले पेरा' लिहिलं, तर गायक नि गीतकार दोघंही तुम्हीच. त्यावर साधं 'ग्रासियास', म्हणजे 'धन्यवाद', पुरे.