नवमीलाच बोलवा तिला

(पत्र थोडक्यात देत आहे. ओळख पटेल असं सगळं बदललंय, तिथ्या तेवढ्या खऱ्या आहेत. उत्तर पत्रलेखिकेला तेव्हाच पाठवलं होतं, इथे तिच्या परवानगीने मागाहून छापते आहे.)

ताई, मी इंदूरला रामबागेजवळ राहते. धाकटे दीर आणि जाऊ सासऱ्यांसोबत देपालपूरकडच्या गावी असतात, शेती तिथेच आहे. जावेला दोन मुली, धाकटी सव्वा वर्षाची, अजून अंगावर पिते. हरतालिकेला तिचा फोन आला की दिवस गेलेत आणि मूल नको आहे. निरोध वापरत होते, तरी. तिकडच्या एका दवाखान्यात गेली तर नवऱ्याची सही आणा म्हणाले. गावातली आशाताई आमच्या चुलतसासूबाईंची सून, तिला सांगितलं की गावभर झालंच. जाऊ म्हणते, इंदूरला येऊन करून घेते, पण ह्यांना कळता कामा नये. दीर सज्जन आहेत, निर्व्यसनी, माझ्याशी सख्ख्या भावासारखे. त्यांच्यापासून लपवणं हा विश्वासघात नाही का? शिवाय या वेळी मुलगाही असू शकतो. सध्या पितृपक्ष, नवमीला सासूबाईंचं श्राद्ध आमच्याकडे, मग घट बसतील, म्हणून तिला म्हटलंय की दसरा होऊ दे, मग बघू. (आषाढी एकादशीला ती बाजूला बसली होती, म्हणजे फार दिवस झालेले नसावेत.) ती गावातल्या मेडिकलवरून गोळ्या आणते म्हणत होती, मी नको म्हटलं. काय करू?
— एक थोरली जाऊ

वहिनी,

तुमच्या मूळ पत्रात दीरांचा चांगुलपणा दीड पान आहे आणि जावेची पाळी एका कंसात. मी कंसापासून सुरुवात करते.

भिंतीवरचं कालनिर्णय काढा. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, पाळी चुकली त्या दिवसापासून नाही. इथेच पुष्कळ बायकांचा हिशेब महिन्याभराने चुकतो, तुमचाही चुकलाय. आषाढी एकादशीपासून हरतालिकेपर्यंत सात आठवडे होऊन गेले होते. नवमीला दहा आठवडे उलटलेले असतील. आणि तुमच्या दसऱ्याला साडेबारा.

हरतालिकेला तिने फोन केला तेव्हा काम गोळ्यांवर भागत होतं. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टर गोळ्या देऊन गर्भपात करू शकतात. ती वेळ तुम्ही गणपतीत आणि पक्षात घालवलीत. आता, बारा आठवड्यांच्या आत, पिशवी हाताच्या पंपाने रिकामी करतात, साधारणपणे बाई त्याच दिवशी घरी जाते. बारानंतर दाखल व्हावं लागतं, स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, त्रास आणि धोका दोन्ही वाढतात, आणि गावाकडच्या बाईला दोन-तीन रात्री घराबाहेर राहायला कारण कुठून आणायचं? कायदा दसऱ्याला संपत नाही, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. पण तिच्याकडे घराबाहेर पडायचे दिवस मोजके आहेत आणि ते तुम्ही खर्च करताय. पितरांना यातलं काहीएक लागत नाही हो.

मेडिकलच्या गोळ्यांना नको म्हणालात ते ठीकच. गोळ्या वाईट म्हणून नव्हे, सात आठवड्यांना डॉक्टरांनीही बहुधा त्याच दिल्या असत्या. पण आता दहा आठवडे झालेत, तिच्या अंगात रक्त किती आहे ते ठाऊक नाही, गर्भ पिशवीत आहे की नळीत ते कुणी पाहिलेलं नाही, आणि रात्री दोनला रक्तस्राव थांबेना झाला तर गाडी काढायला ती कुणाला उठवणार? ज्यांना कळता कामा नये त्यांनाच. एक मात्र ध्यानात घ्या. तुम्ही दसरा-दसरा करत राहिलात तर ती गोळ्या आणणार. तुम्हाला विचारणारही नाही.

आता सही. तो दवाखाना तिला खोटं सांगत होता, किंवा त्यांनाच माहीत नव्हतं, मला दोन्हीचा सारखाच राग येतो. १९७१ च्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही पहिल्या दिवसापासून कधीच लागत नव्हती. गर्भनिरोधक फसलं हे कारण विवाहितेला त्या कायद्यात पहिल्यापासून पुरत होतं, २०२१ च्या दुरुस्तीने ते अविवाहितेलाही लागू केलं. तिचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, तेही त्याच दुरुस्तीत आहे. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना बजावलं की कायद्यात नसलेल्या अटी, घरच्यांची संमती वगैरे, बाईवर लादू नका. पन्नास वर्षांचा कायदा देपालपूरच्या वाटेवर कुठे अडकतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या दीरांबद्दल मला काही म्हणायचं नाही. असतील सज्जन. पण ‘या वेळी मुलगाही असू शकतो’ हे वाक्य तुमच्या पत्रात आहे, तर त्या घरात ते किती वेळा बोललं गेलं असेल? ती नवऱ्याला का सांगत नाही याचं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय. त्यांना सांगायचं की नाही, कधी सांगायचं, ते ती पाहील. विश्वास तिने तुमच्यावर टाकलाय, दीरांनी या बाबतीत तुमच्यावर काही सोपवलेलं नाही.

आता करायचं ते एकच. नवमीलाच तिला बोलवा. सासूबाईंचं श्राद्ध तुमच्याकडे आहे ना? मग धाकट्या सुनेने स्वयंपाकाला यायला नको का? वडे, खीर, भाज्या, सवाष्णीचं पान, एकटीने उरकत नाही म्हणून सांगा. सासरेसुद्धा नाही म्हणणार नाहीत, उलट पाठवतील. दीर आले तर पानावरून उठून संध्याकाळी परततील, सोयाबीन कापणीला आलंय. तिला म्हणा, राहा दोन दिवस, माझा हात भरून आलाय. धाकटीला सोबत घेऊन यायचं, म्हणजे घरी रडारड नको आणि संशयही नको.

दशमीला सकाळी लवकर एम. वाय. किंवा एम. टी. एच. रुग्णालय गाठा, दोन्ही सरकारी. सरकारी रुग्णालयाला या कामासाठी वेगळी मान्यता लागत नाही आणि फी नसते. खासगीत जायचं ठरवलंत तर मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं, दिसलं नाही तर मागा, दाखवलं नाही तर उठा. रक्त तपासतील, सोनोग्राफी करतील. सोनोग्राफीला घाबरू नका, बंदी लिंग सांगण्यावर आहे, आठवडे मोजण्यावर नाही. नवऱ्याचं नाव विचारलं तर सांगू दे, नाव लिहिणं वेगळं आणि सही लागणं वेगळं. संमतीच्या कागदावर तिचीच सही. ‘नसबंदीचं ऑपरेशन करून घेणार असाल तरच’ असं कुणी म्हणालं तर तुम्ही थोरल्या आहात, आवाज चढवा. तांबी की ऑपरेशन की काहीच नाही, ते ती नंतर सावकाश ठरवेल. घरी आल्यावर रक्तस्राव फार वाढला, ताप आला, पोट थांबता थांबत नाही असं दुखलं, तर तशीच उलट्या पावली रुग्णालयात न्या.

फोन आज दुपारी करा. दीर त्या वेळी शेतावर असतील, आणि सासरे जेवून आडवे झालेले असतील.